मरुभूमीचे पारणे

आषाढ लागला की महाराष्ट्रातील मारवाडी जैन घरांतून एक दूरध्वनी हमखास होतो. पुणे घ्या, जालना घ्या, मालेगाव घ्या. बाहेर पन्हाळीतून पाण्याची धार लागलेली असते, दुकानापुढच्या पोत्यांवर ताडपत्री ओढलेली असते, आणि घरातील वडीलधारी व्यक्ती पाली, जालोर किंवा बाडमेरकडील नातलगास चढ्या आवाजात विचारत असते, "मेह हुयो कांई?" पलीकडे क्षणभर शांतता. मग सावध उत्तर येते, "छांटा हुया."

छांटा म्हणजे शिंतोडे. आपल्याकडे एवढ्या पावसाची कोणी दखलही घेत नाही. वाळत घातलेले पापडसुद्धा त्यासाठी कोणी उचलत नाही. 'देसा'त मात्र ती बातमी असते. ती सासरी कळवली जाते, माहेरी कळवली जाते, चेन्नई-बेंगळुरूच्या 'दिसावरा'त बसलेल्या भावांना कळवली जाते. शिंतोडे किती मिनिटे पडले, कोणत्या दिशेने आले, अंगण पूर्ण भिजले की तुळशीपुरतेच, याचा तपशील दिला जातो. एवढा चोख ताळेबंद पुष्कळ पेढ्यांच्या वार्षिक हिशेबातही आढळत नाही.

वर्षीतप करणारे तपस्वी एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणा या क्रमाने वर्षाहून अधिक काळ तप करतात आणि अक्षय्य तृतीयेस उसाच्या रसाने पारणे करतात. थरच्या वाळवंटाचे तप याहून कडक म्हणावे लागेल. तेथे एक दिवसाआड सवलत नाही. सलग नऊ-दहा महिने निर्जळी उपवास. त्यात मे महिन्याचा ताप वेगळा. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. भारतातील हा उच्चांक आहे. एवढे करूनही पारण्याची तिथी पंचांगात नाही. ती ठरवण्याचा अधिकार ढगांकडे, आणि ढगांचा कारभार एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखा: अर्ज पोहोचल्याची पावती गडगडाटाने मिळते, मंजुरी मात्र येईलच असे नाही.

आकडेवारी पाहिली म्हणजे या तपाची कल्पना येते. जोधपूरचा वार्षिक पाऊस साधारण साडेतीनशे मिलिमीटर, बाडमेरचा पावणेतीनशेच्या आसपास, आणि जैसलमेरचा जेमतेम दोनशे. महाबळेश्वरचा पाऊस पाच हजारांच्या वर असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढी रक्कम जमा करण्यास जैसलमेरच्या खात्याला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागेल, तोही एक पैसा न काढता.

असे का होते, याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे; पण व्यापाऱ्याच्या घरी ते दुसऱ्या शब्दांत अधिक लवकर कळते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा. त्यांपैकी अरबी समुद्राकडून येणारी शाखा अरवली पर्वताला समांतर वाहते. डोंगर आडवा असता तर ती अडली असती, वर चढली असती, बरसली असती. येथे ती भिंतीच्या कडेकडेने निघून जाते. घरावरून जाणारा आणि दाराची कडी न वाजवणारा नातलग सर्वांनी पाहिलेला असतो. दुसरी शाखा बंगालच्या उपसागराची. तिची वृत्ती अशी नाही. ती यायलाच निघालेली असते. पण बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश अशी फेरी करीत येणाऱ्या फेरीवाल्यासारखी वाटेतच माल विकून मोकळी होते. जैसलमेरला पोहोचते तेव्हा गाठोड्यात उरतात चार चिंध्या. त्यातून एखादा ढग वर चढू पाहतोच, तर वरच्या थरातील कोरडी हवा त्याला दाबून ठेवते.

या पाहुण्याच्या येण्याजाण्याचा रिवाजही पाहण्यासारखा आहे. केरळात तो १ जूनच्या सुमारास येतो. पश्चिम राजस्थानच्या टोकाला पोहोचण्याची हवामान खात्याची जुनी तारीख १५ जुलै होती आणि तेथून परत फिरण्याची १ सप्टेंबर. २०२० साली खात्याने तारखा सुधारल्या. आता येणे ८ जुलै आणि परतीचा आरंभ १७ सप्टेंबर. म्हणजे सर्वांत शेवटी यायचे आणि सर्वांच्या आधी निघायचे. लग्नात असे वागणाऱ्यास पंगतीत कोणी आग्रह करीत नाही. मरुभूमी मात्र त्याच्यासाठी पाट मांडून बसलेली असते.

चातुर्मासाच्या बाबतीत तर मोठीच गंमत होते. वर्षाऋतूत सर्वत्र गवत उगवते, सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, चालण्याने हिंसा घडते. म्हणून साधु-साध्वी विहार थांबवून चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात. हा नियम तिथीने लागू होतो, थेंबाने नव्हे. त्यामुळे मारवाडातील एखाद्या गावात महाराजसाहेबांचा मंगल प्रवेश वेळेवर होतो, मिरवणूक निघते, व्याख्याने सुरू होतात. सभामंडपाबाहेर मात्र धूळ उडत असते. ज्याच्या निमित्ताने सारे थांबले, तोच अद्याप विहारात असतो. पुढे भाद्रपदात चातुर्मास निम्म्यावर येतो न येतो तोच पावसाचे परतीचे सामान बांधून तयार. स्थिरवास तो एकाही वर्षी पूर्ण करीत नाही.

लीलोत्रीच्या त्यागाचेही तसेच. पुण्याच्या मंडईत चातुर्मासात हिरव्या भाजीचा मोह टाळणे हे खरोखरीचे तप. जुन्या मारवाडात तो मोह पुरवायलाच कोणी नव्हते. केर, सांगरी, कुमटिया हे सारे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले. त्याच्या जोडीला मुगाच्या मंगोड्या, पापड, गट्टे. मराठवाड्यात वा खानदेशात येऊन तीन-चार पिढ्या झाल्या तरी घरात सणासुदीला पापडाची भाजी का होते, असा प्रश्न नव्या सुनेला पडतो. त्याचे उत्तर पाककृतीच्या पुस्तकात नाही, जैसलमेरच्या पर्जन्यमापकात आहे.

पाऊस मुळात थोडा, त्यातून बेभरवशाचा. तेव्हा त्यावर अंदाज बांधण्याची कला वाढावी हे ओघानेच आले. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखातीजेला, शेतकरी वर्षाचे शकुन पाहतात. वारा कोणत्या दिशेचा, मुंग्या अंडी घेऊन कोठे चालल्या, टिटवीने अंडी उंचावर घातली की सखल जागी, या साऱ्याची नोंद होते. चांगल्या वर्षाला तिकडे 'जमानो' म्हणतात आणि वाईटाला 'काळ'. त्या काळाचेही प्रकार आहेत: धान्य न पिकल्यास अन्नकाळ, पाणी नसल्यास जलकाळ, चारा नसल्यास तृणकाळ, आणि तिन्ही एकदम आले म्हणजे त्रिकाळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा 'छपनिया' काळ अद्याप म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. कित्येक घराण्यांच्या वंशावळीत दक्षिणेकडे निघालेल्या पूर्वजाचे नाव त्याच सुमारास सापडते. तो मनुष्य व्यापारासाठी निघाला असे पुढच्या पिढ्या सांगतात. निघाला तेव्हा बहुधा तो ढगांना कंटाळून निघाला होता.

अंदाज आला की पैज येते, हाही मनुष्यस्वभाव. फलोदीच्या सट्ट्याची ख्याती निवडणुकांच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून गाजते. पण तेथील जुनी आवड पावसाची. पाऊस पडेल की नाही, पडला तर पन्हाळ वाहील की नाही, यावर बोली लागे. ही आवड दिसावरातही पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पायधुणीला पावसावर इतक्या पैजा लागत की प्रकरण न्यायालयात गेले. पाऊस मोजण्याचे यंत्र हे जुगाराचे साधन ठरत नाही, असा निर्णय आला आणि सरकारची पंचाईत झाली. अखेरीस १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात १८९० साली दुरुस्ती करून पावसाच्या पैजांना त्यात ओढावे लागले. बंगालमध्ये कलकत्त्याच्या बडाबाजारामुळे १८९७ साली तशीच तरतूद करण्यात आली. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे, हे त्या मंडळींना व्याख्यानातून नित्य ऐकू येत असणारच. परंतु आकाशाकडे पाहणे हे व्यसन नाही, असा त्यांचा युक्तिवाद असावा.

कायदेशीर वाटेनेही हा खेळ चालतोच. ग्वार हे थरचे कोरडवाहू पीक. एरवी गुराढोरांचा चारा आणि गरिबाची भाजी. त्याच्या डिंकाला परदेशी तेल-वायूच्या विहिरींतून मागणी आली आणि २०११-१२ मध्ये ग्वारबीचा भाव क्विंटलला पंचवीस हजार रुपयांच्याही वर गेला. मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार बंद करावा लागला, तो मे २०१३ मध्ये पुन्हा उघडला. त्या काळात बाडमेरला दोन ढग दिसले की वायद्यात मंदी आणि ढग विरले की तेजी, अशी अवस्था होती. पुढच्या हंगामात ज्याने त्याने ग्वार पेरली आणि भाव जमिनीवर आला. भुसार बाजारात ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना यात नवल वाटले नाही.

अखेर एके दिवशी पारण्याचा क्षण येतो. आधी आंधी. पश्चिमेकडून तांबूस भिंत उठते, दारेखिडक्या आपटतात आणि वीज जाते; वीज मंडळाचा हा शकुन टिटवीपेक्षा अधिक खात्रीचा मानला जातो. मग चार टपोरे थेंब, तापल्या मातीचा वास, आणि एकदम धारा. अशा वेळी आपल्याकडे माणसे घरात पळतात. तेथे घरातली माणसे बाहेर पळतात. सारा गाव धाब्यावर उभा. सुट्टीत गावी आलेला पुण्याचा नातू रेनकोट चढवून बाहेर येतो तेव्हा आजी त्याच्याकडे अशा नजरेने पाहते की जणू तो पंगतीत हातमोजे घालून बसला आहे. छत्री ही तेथे उन्हाची वस्तू. अर्ध्या तासात जोधपूरच्या जुन्या शहरात, किल्ल्याच्या उतारावरून येणाऱ्या गल्ल्यांतून, मोटारसायकली वाहत निघतात आणि त्यांचे मालक त्यांच्यामागे. सकाळपर्यंत ढोरांना पुरवून दिलेले पाणी संध्याकाळी वेशीपाशी अडवावे कसे, हा प्रश्न पडतो.

दुसऱ्या दिवशी सारी सृष्टी बदललेली असते. वर्षभर वाळूखाली दडून बसलेले बेडूक रातोरात बाहेर पडून अशी ओरड करतात, की थकबाकी वसुलीला सारे सावकार एकाच दिवशी आले. सेवण गवताला कोंब फुटतात. आणि वाळूवर मखमलीसारखे लाल, इवलेसे जीव फिरू लागतात. महाराष्ट्रात यांना मृगाचा किडा म्हणतात. तिकडचे नाव अधिक प्रेमळ आहे, 'सावण री डोकरी', श्रावणातली म्हातारी. आता जैन घरातील मंडळी मोठ्या संकटात सापडतात. वर्षभर जी वाळू निर्जीव मानून बिनदिक्कत तुडवली, तीवर एका रात्रीत एवढी वस्ती झालेली. स्थानकाकडे निघालेल्या काकी एकेक पाऊल पाहून टाकू लागतात. पाच मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटे लागतात आणि सामायिकाची वेळ टळते. चातुर्मासात विहार का वर्ज्य आहे, हे त्या वीस मिनिटांत जेवढे उमगते तेवढे व्याख्यानाच्या तासात उमगत नाही, असे काकींचेच म्हणणे.

मात्र या साऱ्या धांदलीत एका गोष्टीबाबत थट्टा चालत नाही, ती म्हणजे टांका. अंगणाखाली किंवा ओसरीखाली चुन्यात बांधलेले पाण्याचे टाके. पावसाचे दिवस जवळ आले की धाबे झाडून, धुऊन स्वच्छ करायचे. पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडायचे. मग नळी टांक्याकडे वळवायची. गावाबाहेरील टांक्याला किंवा तळ्याला पाणी पुरवणारी उताराची जमीन म्हणजे आगोर; तिच्यावर जोडे घालून जाण्याची मनाई असे. घरात तुपाचा डबा उघडा असेल, पण टांक्याला कुलूप. पाणी काढायचे ते गाळून, आणि गाळणीतील जीव जपून पुन्हा पाण्यात सोडायचे.

हिशेब सरळ आहे. शंभर चौरस मीटरच्या धाब्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी येते. जैसलमेरच्या दोनशे मिलिमीटरमध्ये ते वीस हजार होते. गळती-बाष्प वजा जाता पंधरा-सोळा हजार धरावे. दिवसाला चाळीस लिटर प्यायला व स्वयंपाकाला लागले तर वर्ष निघते. ज्या प्रदेशात पाऊस दहा-पंधरा दिवसांच्या हप्त्यांत येतो, तेथे उत्पन्नावर नव्हे, ठेवीवर संसार करावा लागतो. मारवाडी माणसाच्या काटकसरीची थट्टा नाटकांतून आणि चुटक्यांतून पुष्कळ झाली. ती करणाऱ्यांनी कधी टांक्यात डोकावून पाहिले नसावे.

पाण्याची प्रतवारीही तेथे सोन्याच्या कसासारखी आहे. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात ती नोंदवली आहे. पावसाचे थेट मिळालेले ते पालर पाणी. खोल विहिरीचे, बहुधा खारे, ते पाताळ पाणी. आणि या दोहोंच्या मध्ये रेजाणी पाणी: वाळूत मुरलेले, पण खाली जिप्समचा वा खडूसारख्या मातीचा थर असल्याने पाताळात न उतरता ओलाव्याच्या रूपाने अडून राहिलेले. त्यासाठी जेमतेम एक माणूस उतरेल एवढी अरुंद कुंई खणतात. थेंब थेंब झिरपून दिवसभरात दोन-चार घडे पाणी जमते. पाऊसही तिकडे इंचांत मोजत नाहीत. जमिनीत किती बोटे ओल उतरली ते पाहतात आणि त्या मापाला रेजा म्हणतात. पडले किती याला महत्त्व नाही, राहिले किती याला आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि हाच जिप्समचा थर एकदा उलटला. ऑगस्ट २००६ मध्ये, श्वेतांबर मंडळींच्या पर्युषणाच्याच आठवड्यात, बाडमेर जिल्ह्यावर तीन दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट पाऊस कोसळला. जिची आठवणही बुजली होती अशी कोरडी नदी एकाएकी वाहू लागली. कवास हे गाव सखल जागी. घरे छपरांपर्यंत पाण्यात गेली. जिल्ह्यात शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, जनावरांची तर गणतीच नाही. वाळवंटात लष्कराच्या होड्या चालवाव्या लागल्या. कुंईच्या तळाशी गोडे पाणी धरून ठेवणारा तोच जिप्सम येथे पाणी मुरू देईना. कित्येक महिने गाव पाण्याखाली राहिले आणि लोकांना दुसरीकडे वसवावे लागले. त्या आठवड्यात महाराष्ट्रातून 'मेह हुयो कांई' असे विचारणाऱ्यांना फोन लागत नव्हता. क्षमापनेच्या दिवशी 'मिच्छामि दुक्कडं' म्हणण्यासाठी माणसे नातलगांचा ठावठिकाणा शोधत होती.

त्यानंतर तिकडे ढगांचे स्वागत होतेच, पण सखल भागातील माणूस दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही तर गप्प होतो.

दरम्यान पाण्याचा आणखी एक दावेदार आला आहे. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ च्या पहिल्याच दिवशी जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला पोहोचले. फीडरसह या कालव्याची लांबी ६४९ किलोमीटर. हिमालयाच्या नद्यांचे पाणी नळाने घरात आले, तेव्हा धाबे झाडण्याचा कंटाळा येणे साहजिक होते. नळाला तिथी लागत नाही, शकुन लागत नाही. तो येतो तेव्हा येतो. न आल्यास टँकर बोलवायचा.

देसातल्या बंद घरांचे टांके मात्र नळानेही भरत नाहीत आणि पावसानेही नाहीत. कोरीव झरोके, पितळी कड्या, दारावर कुलूप आणि मालक इचलकरंजीत किंवा सोलापुरात. धाब्यावर वाळूचा थर, नळीत पारव्याचे घरटे; ते काढायचे तर अहिंसेचा प्रश्न, न काढायचे तर पाणी बाहेर वाहणार. दर श्रावणात कुलदेवीला जाऊन आलेले कुटुंब एक दिवस कुलूप उघडते. पुरुष मंडळी घराची बाजारभावाने किंमत काढतात. मुले झरोक्यात बसून छायाचित्रे घेतात. आणि घरातील थोरली बाई, कोणी सांगितलेले नसताना, पदर खोचून जिन्याने वर जाते व झाडू मागते. "आता कशाला, काकी? उद्या तर निघायचे," असे पुतण्या खालून म्हणतो. वरून उत्तर येत नाही. झाडण्याचा आवाज येतो.

मागच्या दारी टांक्याचे लाकडी झाकण असते. त्याची किल्ली बहुधा मालेगावच्या घरी, देवघराच्या खणात, दुसऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यात राहून गेलेली असते.